चटणीत धणे २२० ग्रॅमच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, तुमच्या चटणीचं नेमकं प्रमाण सांगा की." हा प्रश्न मला वर्षातनं दोनदा तरी येतोच, एकदा पाडवा झाल्यावर आणि एकदा पाऊस लागल्यावर. पाडव्याला विचारणारे हौसेनं विचारतात, पावसात विचारणाऱ्यांची करून बिघडलेली असते. आणि ज्यांना प्रमाण लिहून दिलंय ते सगळे परत विचारतात, की बाकी सगळं ठीक आहे पण धणे २२० ग्रॅम हा काय आकडा झाला, पाव किलो का नाही? म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकते, कुणी विचारलं की हेच पुढं पाठवायचं.

आधी एक सांगते, चटणी म्हणजे आमची कोल्हापूरची चटणी, लाल, वर्षाची कुटून ठेवतात ती. बाहेर तिला कांदा लसूण मसाला म्हणतात. आमच्या घरात "चटणी संपली" म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, कारण आमटी, कालवण, पिठलं, तांबडा रस्सा, मिसळीचा कट सगळं तिच्यावर चालतं आणि काहीच नसलं तर तेल घालून भाकरीसंगं नुसती. लेक पुण्यात शिकायला गेली तेव्हा तिच्या रूममेटनं डब्यावर "चटणी" लिहिलेलं वाचून चमचाभर सँडविचला फासली होती. पोरगी बिचारी नागपूरची, तिखटाची सवय असलेली, तरी अर्धा लिटर दूध प्यायली.

तर प्रमाण. एक किलो मिरचीचं सांगते. ब्याडगी अर्धा किलो, संकेश्वरी ३०० ग्रॅम, लवंगी २००. सुकं खोबरं पाव किलो, कांदा पाऊण किलो (ओला असतानाचं वजन), लसूण पाव किलो, आलं १०० ग्रॅम, कोथिंबिरीची एक मोठी जुडी. धणे २२०. जिरे आणि तीळ १००-१०० ग्रॅम, खसखस ५०, हळकुंड ५०. मग लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, मोहरी २०-२० ग्रॅम, मसाला वेलदोडा, चक्रीफूल, नाकेश्वर, तमालपत्र, मेथी १०-१०, जायपत्री पाचच. खडा हिंग १० ग्रॅम, खडे मीठ पाव किलो. मसाले सगळे वेगवेगळे, थोड्या थोड्या तेलात, मंद आचेवर भाजायचे, एकत्र टाकलेत तर खसखस जळते आणि हळकुंड कच्चं राहतं.

झालं. एवढंच हवं असेल तर इथं थांबला तरी चालेल, पण मग पावसात मला फोन करायचा नाही.

माझं माहेर गडहिंग्लजच्या बाजूचं. तिकडं मिरची म्हणजे संकेश्वरी, आम्ही जवारी म्हणतो. बारीक, लांब, वास असा की पोतं उघडलं की शेजारच्या घरात शिंक. वडील दरवर्षी थोडी तरी लावायचेच आणि घरची चटणी निव्वळ तिचीच असायची. लग्न होऊन कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आले, १९९६ साली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बघते तर आत्तींनी (सासूबाईंना आम्ही आत्तीच म्हणतो) लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं निम्मी ब्याडगी आणलेली. सुरकुतलेली, लालभडक, चावली तर तिखट म्हणून काही नाही. ती हावेरीकडची, रंगासाठी नावाजलेली, २०११ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय तिला, पण मला तेव्हा वाटलं ही पेठेतली माणसं नुसती रंगावर जेवतात की काय. तसं बोलून पण दाखवलं. आत्ती म्हणाल्या, "तुमच्यात रस्सा पितात का नुसता घाम पुसतात?"

त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली. रंगाला ब्याडगी, वासाला संकेश्वरी, झटक्याला लवंगी. कोल्हापुरी म्हणजे जाळ असं बाहेरच्या हॉटेलांनी करून ठेवलंय, वर बोटभर लाल तेल आणि खाली काहीच नाही. घरचा रस्सा वाटीनं पिता आला पाहिजे, दोन वाट्या झाल्यावर तिसरी मागावीशी वाटली पाहिजे.

आता ग्रॅमचं. आत्तींच्या हाताला माप होतं, कागदावर काही नव्हतं. मूठ, ओंजळ, चिमूट आणि "दिसंल तसं". मी शाळेत गणिताची बाई, मला हे "दिसंल तसं" काही झेपायचं नाही. मी बाजारातनं छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि त्या प्रत्येक मूठ टाकायच्या आधी ताट पुढं करायची, आधी यात टाका, मग कढईत. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा त्या वैतागल्या, "सोनं मोजाय लागलीस काय गं? लग्न हाय का कुणाचं?" तीन वर्षं मी असं वहीत उतरवलं आणि तिन्ही वर्षांचे आकडे वेगळे. जिरे कधी ९० कधी ११५, खोबरं कधी पावाच्या वर. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या यंदा मिरचीला बी जास्त आहे, खोबरं वाढीव लागतंय. मिरची मोडून, बी झटकून, साल जिभेवर ठेवून ठरवायच्या त्या. मी सरासरी काढली. तुम्हाला दिलेले आकडे ते, धणे सोडून. धणे सरासरीत बरोबर २५० येत होते.

पण चटणी आकड्यांनी बिघडत नाही हो. जिरे १० ग्रॅम इकडं तिकडं झाले तर कुणाच्या बापाला कळत नाही. बिघडते ती ओलीनं. २००३ च्या एप्रिलात आत्तींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धूर, तिखट सगळं बंद सांगितलं, मग पहिल्यांदाच पूर्ण काम माझ्या एकटीवर आलं. आकडे पाठ होते, काटा होता, मला काय कमी? कांदा चिरून गच्चीवर घातला, दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. वळीव. शाळेतनं पळत आले, कसाबसा गोळा केला, आणि पेपर तपासणीचं काम डोक्यावर होतं म्हणून विचार केला की तळणारच आहोत तर तेलात उरलेलं पाणी जाईलच की. तळला. वरनं खरपूस, मस्त दिसत होता. कुटून आणली, रंग फर्स्टक्लास, मी बरणी भरताना स्वतःवरच खूश.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी दादरा सोडला, दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधतो ते फडकं, आणि वास आला. कुबट. वर पांढुरकी साय, चमच्यानं उकरलं तर खाली हिरवट ठिपके. चार किलो मिरचीची चटणी. मी बरणीपुढं फतकल मारून बसले, रडू येत होतं आणि नाकात तिखट गेल्यानं शिंकापण येत होत्या, त्यामुळं नक्की काय चाललंय ते घरात कुणाला कळेना. आत्ती आल्या, बरणीत बघितलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मागच्या दारी खड्डा काढून पुरून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी शेजारी वाटी मागायला गेल्या तर मी आतनं ऐकलं, "यंदा मिरचीच बोगस लागली बघ, व्यापाऱ्यानं पाणी मारलेली दिली." मिरची त्यांनी स्वतः आणलेली, ऑपरेशनच्या आधी, निवडून निवडून. उभ्या आयुष्यात त्या बाईनं मिरचीत फसल्याचं कधी कबूल केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मला त्यांनी गच्चीवर नेलं आणि वाळलेल्या कांद्याची एक काप हातात दिली. मोड म्हणाल्या. वाकली. "मग अजून दोन दिवस." दोन दिवसांनी परत. यावेळी काट्कन मोडली, पापडासारखी. मोडला तरच तळायचा. तळताना पण रंग बघायचा नाही, बुडबुडे बघायचे, बुडबुडे थांबले की पाणी संपलं. आलं-लसूण-कोथिंबिरीचं पण तेच, ओलं काही शिल्लक ठेवायचं नाही. लेकीनं मागच्या वर्षी पुण्यात फ्लॅटमध्ये पहिल्यांदा चटणी केली, गच्चीला सोसायटीचं कुलूप, मग तिनं कांदा परातीत घालून पार्किंगमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत ठेवला, काचा दोन बोटं खाली करून. तीन दिवसांत मोडला. गाडीचा वास अजून गेला नाही म्हणून जावई कुरकुरतोय, पण चटणी डिसेंबरपर्यंत टिकली.

कुटायचं मात्र डंकावरच. चक्कीत पीठ होतं, गरम होतं, तेल सुटून चटणीचा जीव जातो. डंकाचे मुसळ वरखाली ठोकत राहतात त्यात कांदा-लसूण-मिरची एकमेकांत जिरतात. एप्रिल-मेमध्ये पहाटे जाऊन नंबर लावायचा, नाकाला पदर, सगळ्या बायका शिंकतायत आणि तरी गप्पा थांबत नाहीत. आत्ती तिथं गेल्या की पहिला प्रश्न, "आधी कुणाचं कुटलं?" आधीच्याची हळद असली तर आपल्या चटणीचा रंग मरतो, गरम मसाला असला तर त्यांचा वास आपल्याला. हळद असली तर त्या नंबर सोडून द्यायच्या, मागच्या बाईला "तू जा गं पुढं, तुला घाई आसंल" म्हणून. एवढा मनाचा मोठेपणा एरवी रेशनच्या रांगेत कधी दिसला नाही.

आता ते २२० चं.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, भाजी नाही. आमच्या घरात पाणी शिरायच्या आदल्या रात्री आम्ही राजारामपुरीत दिरांकडं गेलो. ह्यांनी टीव्ही माळ्यावर चढवला, मी कागदपत्रं घेतली, आत्तींनी चटणीची बरणी, मांडीवर, रिक्षात. वय तेव्हा ८१.

दिरांच्या गल्लीच्या टोकाला एका हॉलमध्ये प्रयाग चिखलीची माणसं आणून ठेवली होती, बोटीतनं काढलेली. गल्लीतल्या बायका मिळून त्यांचा स्वयंपाक करत होत्या, तांदूळ होते, तूरडाळ होती, चवीला काही नाही. आत्ती म्हणाल्या बरणी काढ. मोठ्या पातेल्यात आमटी झाली, आमच्या चटणीची, आणि त्या स्वतः वाढायला गेल्या, कारण कौतुक ऐकायचं होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. चिखलीची एक म्हातारी, त्यांच्याच वयाची, अंगावर दुसऱ्या कुणाचंतरी लुगडं, घर पाण्यात, म्हशींचं काय झालं माहीत नाही. तिनं भुरका मारला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली,

"चटणी झ्याक हाय. पर धणं जास्त झाल्यात."

आत्तींच्या हातात पळी तशीच. मला वाटलं आता पुराच्या वर भांडण होतंय. "आमच्यात एवढंच घालत्यात," एवढं बोलून त्या पुढं गेल्या. पण रात्री झोप कुठली, "धणं जास्त म्हणं. खाल्लं की न्हाई तीन वाट्या?" दुसऱ्या दिवशी परत तिच्याजवळ जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर दोघी भिंतीला टेकून, ती सांगतीय त्यांच्यात किती धणे, किती तीळ, चूल कशी लावायची, आणि आत्ती मान हलवून ऐकतायत. पाणी उतरल्यावर ती माणसं गावाकडं गेली. बरणीत तळाला जेमतेम दोन मुठी चटणी उरली होती, ती आत्तींनी तिला कागदात बांधून दिली. नाव विचारायचं राहिलं, आत्तींना विचारलं तर म्हणाल्या, "चिखलीची."

पुढचा उन्हाळा लॉकडाऊनचा. डंक बंद. मिरची आधीच आणून वाळवून ठेवलेली, मग ठरवलं किलोभरच करू, मिक्सरला थोडी थोडी फिरवून. मी धणे मोजले, २५०, ताट कढईजवळ नेलं. आत्ती पाटावर बसल्या होत्या, डोळ्यांना आता कमी दिसायचं, म्हणाल्या थांब. हात घालून एक मूठ धणे काढले आणि आपल्या ओच्यात टाकले.

"आता घे तुझा काटा," म्हणाल्या. "किती दावतोय?"