तुम्ही विचारलंत म्हणून: कार्तिकी की आर्या?

मी पूर्वी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांत ढोलकी वाजवायचो, हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "मग लिटिल चॅम्प्समध्ये तुमचं आवडतं कोण? कार्तिकी की आर्या?" झी मराठीवरच्या 'सा रे ग म प' या गाण्याच्या स्पर्धेचं २००८-०९चं ते लहान मुलांचं पर्व लोक अजून विसरलेले नाहीत; कार्तिकी आणि आर्या त्यातल्याच.

खरं सांगू? माझं लक्ष मुलांकडे कमीच असायचं. आई वैतागायची, "अरे, पोरं पुढे गातायत, तू मागे काय बघतोस?" मागे कमलेश भडकमकरांचा वाद्यवृंद असायचा. ढोलकीवर निलेश परब, तबल्यावर अर्चिस लेले, बासरीला अमर ओक, सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू. घरोघरी वादकांची नावं माहीत झाली, ही मला त्या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी कमाई वाटते. आमच्या वाट्याला फार तर निवेदकाचं "आणि सर्व वादक मंडळी" यायचं.

आळंदीच्या कार्तिकीचा अभंग संपतो न संपतो तोच आरवलीचा प्रथमेश नाट्यपद घेऊन उभा, मग लातूरचा रोहित, त्याचा ढंगच निराळा. प्रत्येकाची पट्टी वेगळी. सिंथवाला एक बटण दाबून मोकळा होतो; बासरीवाल्याला बासरीच बदलावी लागते, तबलजी तबला सुरात लावायला हातोडी घेऊन बसतो. ढोलकीवाल्याचा तर हातच बदलतो, कारण भजनाचा ठेका आणि लावणीचा ठेका यांचं वजन एक नव्हे. (चित्रीकरणात मध्ये थोडी उसंत मिळते, मान्य.)

आणि सांभाळून घेणं! एकदा आमचा गायक पहिलं कडवं गाळून थेट दुसऱ्यावर गेला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्याला गाठलं. समोर मांडवात कुणाला पत्ताही नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल एवढ्या दिव्यांसमोर न डगमगता गातं, त्याला अशी माणसं पाठीशी असल्याचा केवढा आधार असेल! ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत, कुणासाठी थांबत नाही. पुढे मंडळांनी ट्रॅकवर गाणारेच बोलवायला सुरुवात केली आणि आमच्या बारा जणांच्या जागी एक लॅपटॉप आला. असो.

२०२१मध्ये त्या पर्वाच्या अंतिम फेरीतले पाचही जण लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले. तेव्हाही माझी नजर आधी मागे गेली.

तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २००९च्या फेब्रुवारीत कार्तिकी जिंकली. मी एसएमएस कुणालाच केला नव्हता. ढोलकीला मत द्यायची सोयच नव्हती. आई मात्र आर्याच्या बाजूची. माझ्या मोबाइलवरून तिने किती एसएमएस पाठवले, ते मला बिल आल्यावर कळलं.