यांचं प्रेम झालं कधी?

'युअर नेम' हा जपानी ॲनिमेशन पिक्चर बघितलेल्या लोकांत सरळ दोन पार्ट्या पडतात. एक रडून रडून डोळे सुजवून घेणारी आणि दुसरी "चित्रं झकास आहेत हो, पण यांचं प्रेम झालं कधी?" असं विचारणारी. आमच्याकडे भाची पहिल्या पार्टीत आणि तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, दुसऱ्या. आणि दाजींचा प्रश्न अगदीच काही फालतू नाहीये, कारण पावणेदोन तासांच्या पिक्चरमध्ये हिरो-हिरॉईन समोरासमोर येतात किती वेळ, तर एकदा ट्रेनमध्ये, जिथे तो तिला ओळखतच नाही, मग डोंगरावर सूर्य बुडताना काही मिनिटं आणि शेवटी त्या जिन्यावर. बास. एवढ्यात आपल्याकडे साधं बघण्याचा कार्यक्रमसुद्धा उरकत नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी पटकन स्टोरी सांगते, पुढे शेवटपण फोडणार आहे, तेव्हा आधीच सॉरी. 2016 चा जपानी ॲनिमे, दिग्दर्शक माकोतो शिंकाई. गिफू प्रांतातल्या डोंगरात, तळ्याकाठी इतोमोरी नावाचं (काल्पनिक) गाव, तिथे मित्सुहा नावाची शाळकरी मुलगी, घराण्याकडे देवळाचं काम, आई नाही, वडील घर सोडून गावचे मेयर होऊन बसलेत, घरात आजी आणि धाकटी बहीण. आणि टोकियोत ताकी नावाचा मुलगा, शाळा सुटली की इटालियन हॉटेलात वेटरगिरी करणारा. एक दिवस सकाळी ही उठते ती त्याच्या अंगात आणि तो तिच्या. मग आठवड्यातून दोन-तीनदा हेच. जपानमध्ये या पिक्चरने 2500 कोटी येनच्या आसपास धंदा केला, तेव्हा जपानी सिनेमांत याच्या पुढे फक्त मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' होता.

तर दाजींचा मेन आक्षेप असा की सगळं प्रेम एका गाण्यात उरकलंय. खरंय. रॅडविम्प्स बँडचं जोरदार गाणं सुरू होतं आणि त्यात महिनाभराच्या अदलाबदली धडाधड दाखवून टाकल्यात. पण मी म्हटलं, अहो दाजी, तुम्ही जन्मभर हिंदी पिक्चर बघत आलात, पहिल्या कडव्यात काश्मीर, दुसऱ्यात स्वित्झर्लंड आणि गाणं संपेपर्यंत घरच्यांना सांगायची वेळ आलेली, तिथे कधी हा प्रश्न पडला नाही तो? त्यावर ते म्हणाले, तिथे निदान दोघं एका फ्रेममध्ये तरी असतात. हे मात्र बिनतोड होतं.

पण मला वाटतं त्या गाण्यात काय चाललंय हे नीट बघितलं तर उत्तर तिथेच आहे. ते दोघं एकमेकांचे दिवस निभावतायत. फोनमध्ये डायरी लिहून ठेवायची, आज काय झालं, कुणाशी काय बोललास, उद्या कशाची परीक्षा. मग नियम. अंघोळ करायची नाही, इकडे बघायचं नाही, तिकडे हात लावायचा नाही. मग भांडणं. ती त्याच्या पैशाने टोकियोच्या कॅफेत जाऊन महागडी गोड गोड खाणार आणि तिने उधळलेले पैसे भरून काढायला शिफ्ट करायच्या याने. तो तिच्या अंगात जाऊन बास्केटबॉल खेळणार, वर्गात दादागिरी करणार आणि मग लोकांच्या नजरा झेलायच्या हिने. हे डेटिंगपेक्षा संसाराच्या जास्त जवळचं आहे हो. एकमेकांचा पगार, एकमेकांचे नातेवाईक, एकमेकांची राहिलेली कामं.

त्यातला हॉटेलचा सीन मला सगळ्यात आवडतो. मित्सुहा ताकीच्या अंगात आहे, आयुष्यात कधी ट्रे उचललेला नाही, ऑर्डरी चुकतायत, आणि एक गुंड टाइप गिऱ्हाईक पिझ्झात टूथपिक सापडली म्हणून राडा करतं. सीनियर असलेली ओकुदेरा येऊन गोड बोलून निस्तरते, पण तेवढ्यात तो माणूस तिचा स्कर्ट मागून ब्लेडने कापून ठेवतो. पुढे काय, तर ही बया त्याच त्या पोराच्या हातांनी सुई-दोरा घेऊन बसते आणि नुसता फाटलेला भाग शिवून थांबत नाही, वर एक छोटा साळिंदरासारखा प्राणी काढून देते भरतकामात! ओकुदेरा खूष, ताकीवर तिचा जीव जडायला सुरुवात, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या ताकीला हॉटेलातले बाकीचे पोरगे धरतात की काल तिच्याबरोबर कुठे गेला होतास, आणि याला काहीच माहीत नाही. म्हणजे त्याला जी मुलगी आवडते ती याच्यावर खूष झालीये ती दुसऱ्याच मुलीच्या कामावर. पुढे ओकुदेरासोबत डेटवर जायची वेळ येते, ती डेटही मित्सुहानेच ठरवून ठेवलेली, आणि तिथे ताकीकडे बोलायला काही नाही. ओकुदेराच शेवटी म्हणते की तुला आता दुसरंच कुणीतरी आवडतं. दाजी, इथे झालं प्रेम. तुम्ही चहा टाकायला उठला होतात.

गावाकडचं चित्रणपण मस्तय. मित्सुहा आणि तिची मैत्रीण कुरकुरत असतात की ट्रेन दोन तासांतून एक, दुकान रात्री नवाला बंद, पुस्तकांचं दुकान नाही, दातांचा डॉक्टर नाही, पण बार मात्र दोन-दोन! तालुक्याच्या गावी वाढलेल्या कुणालाही हे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. वर त्यांचा मित्र तेस्सी म्हणतो चला कॅफेत जाऊ, आणि नेतो कुठे, तर रस्त्याकडेला एक कोल्ड्रिंकचं मशीन आणि बाकडं. आणि ते देवाला वाहायचं तांदूळ चावून केलेलं मद्य, ते गावासमोर, वर्गातल्या पोरांसमोर करावं लागतं म्हणून मित्सुहाचा जीव जातो लाजेने, तर धाकटी योत्सुहा सुचवते की फोटोबिटो लावून विकू या, टोकियोला जायचे पैसे सुटतील. मोठी ओरडते, दारूच्या टॅक्सचा कायदा आहे! 

मित्सुहाच्या आजीने एक गोष्ट सांगितलीये जी पहिल्यांदा बघताना कानावरून जाते. दोनशे वर्षांपूर्वी मायुगोरो नावाच्या माणसाच्या न्हाणीघरातून आग लागली, देऊळ जळलं, कागदपत्रं जळली, त्यामुळे हे सगळं आपण का करतो ते आता कुणालाच माहीत नाही, पण करायचं सोडायचं नाही. तेव्हा वाटतं म्हातारीचं नेहमीचं चाललंय. पण नंतर कळतं की 1200 वर्षांपूर्वीसुद्धा तिथे धूमकेतूचा तुकडा पडलेला, देवस्थानाच्या गुहेत त्याचं चित्रपण आहे, म्हणजे पूर्वजांनी इशारा ठेवला होता आणि तो वाचणारंच कुणी उरलं नाही, आणि जत्रेच्या नेमक्या त्याच रात्री अख्खं गाव जमतं जिथे तुकडा पडणार असतो तिथे.

हो, धूमकेतू. ताकी आठवणीतून गावाची चित्रं काढून तिला शोधायला निघतो, हिदा भागात फिरतो, कुणाला काही सांगता येत नाही, आणि एका रामेनच्या दुकानात मालक चित्र बघून ओळखतो. गाव धूमकेतूचा तुकडा पडून तीन वर्षांपूर्वीच गेलं, 2013 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अदलाबदली चालू होत्या तेव्हा ती त्याच्या तीन वर्षं मागे होती. लायब्ररीत मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव, वय 17. इथे मी पिक्चर थांबवला होता. शिंकाईंनी 2011 चा भूकंप आणि त्सुनामी डोक्यात असल्याचं सांगितलंय, जपानी माणसाला ते आठवणारच, मला मात्र दरडीखाली गाडलं गेलेलं आपलं माळीण गाव आठवलं. 30 जुलै 2014, एसटीच्या ड्रायव्हरला नेहमीच्या जागी गावच दिसलं नाही आणि मग जगाला कळलं. अशा बातमीनंतर काही दिवस आपण मनात जे करत राहतो, की आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन सांगितलं असतं तर, तेच या पिक्चरने उचलून पडद्यावर करून दाखवलंय, ताकी पुन्हा तिच्या अंगात, त्या दिवसात जातो आणि गाव रिकामं करायला बघतो. म्हणून "असं कुठे होतं का" हा प्रश्न मला इथे पडत नाही.

तरी लॉजिकची भोकं आहेत, नाही असं नाही. एवढे दिवस एकमेकांचे फोन वापरले आणि दोघांपैकी एकालाही साल दिसलं नाही? तारीख सेम पण वार वेगळा, शाळेला जाणाऱ्या पोरांना वार कळत नाही होय? भाचीचं म्हणणं की स्वप्नात असं कुणी बघतं का. ठीक, दिलं सोडून. पण तळहाताचं मी सोडणार नाही. डोंगरावरच्या त्या भेटीत, नंतर विसरू नये म्हणून एकमेकांच्या हातावर नाव लिहायचं ठरतं, पठ्ठ्या काय लिहितो, तर 'तू मला आवडतेस'. आणि तिला कळतं कधी, तर ती जिवाच्या आकांताने धावताना पडते आणि मूठ उघडून बघते तेव्हा. हे वाचून ती रडत रडत म्हणते, यावरून नाव कसं कळणार! अगदी माझ्या मनातलं बोलली.

शेवटाबद्दल भांडण चालूच आहे. ज्यांनी शिंकाईंचा 2007 चा 'फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड' बघितलाय त्यांची शेवटच्या पाच मिनिटांत पाचावर धारण बसते, कारण तिथे ट्रेन मधून जाते आणि पलीकडे कुणी उरत नाही. इथेसुद्धा एकमेकांना विसरून गेल्यावर दोन ट्रेन, दोघं खिडकीत, उतरून धावाधाव, योत्सुयाजवळच्या देवळाच्या त्या जिन्यावर समोरासमोर, आणि बावळट एकमेकांना ओलांडून पुढे जातात! मग तो मागे वळून विचारतो. भेटले ते बरं झालं असं माझं स्पष्ट मत आहे, एवढं गाव वाचवलंय पोरांनी.

दाजींना आता प्रेमाचं थोडंफार पटलंय असं दिसतं, कारण परवा त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. तो तेस्सी, ज्याने बापाच्या बांधकाम कंपनीतली स्फोटकं पळवून विजेचं सबस्टेशन उडवलं गाव रिकामं करायला, तो पुढे टोकियोत कॅफेत बसून मित्सुहाच्या त्याच मैत्रिणीशी लग्नाच्या गप्पा मारताना दिसतो. याच्यावर केस कशी काय झाली नाही? पेपरात म्हणे मेयरने योगायोगाने सगळ्या गावाची ड्रिल ठेवली होती. सबस्टेशनचं काय मग, तेपण योगायोगाने उडालं? भाचीकडे याला उत्तर नाही. माझ्याकडेपण नाही.