जूनमधला नाताळ

नॉक्सव्हिलला राहायला गेलो त्या उन्हाळ्यात आम्ही एक जुनी गाडी घेतली. इंजिन ठीक, एसी बरा, आणि टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली. 'ती निघत नाही,' असं विकणाऱ्या म्हातारबाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. रेडिओची एरियल मुळातून मोडलेली. म्हणजे गाडीत एक तर शांतता, नाहीतर ती कॅसेट. नवऱ्याला शांतता चालते. मला नाही.

कॅसेट निघाली केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन या अमेरिकन कंट्री गायकांची, म्हणजे तिथल्या खेड्यामातीतलं संगीत गाणाऱ्यांची, १९८४ सालची 'वन्स अपॉन अ ख्रिसमस'. बाहेर टेनेसीचा चिकचिकता जून, घामाने पाठ सीटला चिकटलेली, आणि आत घुंगरं वाजवत बर्फावरची घोडागाडी चाललेली. ऑटो रिव्हर्स असल्यामुळे एक बाजू संपली की 'खट्' व्हायचं आणि दुसरी सुरू. दिवाळीपर्यंत मला दहाही गाणी क्रमाने पाठ झाली होती. अजूनही त्यातलं एखादं कुठे कानावर पडलं, की ते संपताना मनातल्या मनात पुढचं सुरू होतं, आणि पाचव्यानंतर 'खट्'.

त्यातलं भाजलेल्या चेस्टनटचं गाणं केनी एकटा म्हणतो. मी बरेच दिवस चेस्टनट म्हणजे शिंगाडा समजत होते, आणि थंडीत शेकोटीवर शिंगाडे कोण भाजतं, हे कोडं काही सुटत नव्हतं. पुढे एकदा खरे चेस्टनट खाल्ले. चवीला रताळ्याच्या जवळचे. आणखी गंमत म्हणजे हे गाणं मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स या दोघांनी १९४५ च्या जुलैत, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात लिहिलं. हे कळल्यावर आमच्या जूनमधल्या नाताळाची मला लाज वाटेनाशी झाली.

डॉलीबाई तर आमच्या शेजारच्याच. त्यांचा जिल्हा, सेव्हियर काउंटी, गाडीने तास-पाऊण तासावर. सेव्हियरव्हिलच्या कोर्टासमोर त्यांचा पुतळा आहे, हातात गिटार आणि पाय अनवाणी. बारा भावंडांतली ही चौथी. जन्माच्या वेळी डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, हे त्या स्वतःच सांगतात. माझ्या आजीच्या सुईणीला पायलीभर ज्वारी आणि चोळीचा खण मिळाला होता. तेव्हापासून मला त्या परक्या वाटल्या नाहीत. दहातल्या पाच गाण्यांच्या लेखनात त्यांचा हात आहे, आणि खरं सांगायचं तर तीच गाणी मला जास्त आवडतात.

कंट्री म्हणावं इतकी मातीही नाही हो त्यात. डेव्हिड फॉस्टरचं संगीत-संयोजन, व्हायोलिनांचा लोट, वर मुलांचा कोरस. पाक तीनतारी झालाय. पण ते दोघं एकत्र गायला लागले, की माझी तक्रार संपते. केनीचा आवाज काथ्यासारखा, भरड. त्यावर डॉलीचा बारीक, थरथरता सूर वरच्या अंगाने येतो. तो तिच्याशी चढाओढ करत नाही आणि ती त्याला झाकत नाही. हे दोघं नवराबायकोच असणार, असं मी धरूनच चालले होते. डॉलीचं लग्न १९६६ सालीच कार्ल डीनशी झालंय, असं शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा मी चक्क हिरमुसले. नवरा म्हणाला, 'म्हणूनच एवढ्या गोडीत गातात.'

सप्टेंबरात गणपती आणला तोही त्याच गाडीतून. मी मूर्ती मांडीवर घेऊन पुढे बसलेली, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. चावी फिरली, आणि आम्ही 'मोरया' म्हणायच्या आत सांताक्लॉजवर आपली केवढी श्रद्धा आहे, ते दोघं सांगू लागले. नवऱ्याने आवाज बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, तेही कुणाच्या तरी येण्याचंच गाणं आहे. घरी पोचेपर्यंत दीड बाजू झाली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये नॅशव्हिलला दोघं शेवटचे एकत्र गायले. मार्च २०२० मध्ये केनी गेला. आता फोनवर ती सगळी गाणी आहेत, स्वच्छ, न घसरता. मात्र दिवाळी सरून डब्यातला शेवटचा चिवडा सादळला, की ती आपणहून आठवतात.

नॉक्सव्हिल सोडताना ती गाडी आम्ही एका विद्यार्थ्याला विकली. मे महिना होता. पोराने सगळं नीट तपासलं, टायर, ब्रेक, डिकी. मग टेपकडे बोट दाखवून विचारलं, 'रेडिओ लागतो का?'

'नाही,' नवरा म्हणाला. 'पण चावी फिरवून बघ.'