आर-टू-डी-टूचा तिसरा पाय

रविवार, रात्री

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या आर-टू-डी-टू या यंत्रमानवाची प्रतिकृती मी घरी बांधतो आहे. तिचा मधला, म्हणजे तिसरा पाय आज पहिल्यांदा मोटारीच्या जोरावर पोटातून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. धडाचा भार अजून पायांवर दिलेला नाही, तरीही हा दिवस नोंदवून ठेवावासा वाटला, कारण माझ्या दृष्टीने या छंदाचा गाभा त्या पायातच आहे.

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हा यंत्रमानव कधी दोन पायांवर उभा असतो, तर कधी तीन पायांवर चालतो. मात्र चित्रीकरणासाठी दोन्हींचे सांगाडे वेगवेगळे होते. दोन पायांच्या सांगाड्यात तीन फूट आठ इंच उंचीचे अभिनेते केनी बेकर बसत, तीन पायांचा दूरनियंत्रणावर चाले आणि एकातून दुसऱ्यात होणारा बदल बहुतांशी संकलकाच्या कात्रीने साधला जाई. १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळूत दूरनियंत्रित सांगाडे वारंवार अडखळत, पण पडद्यापुरते काही सेकंद नीट मिळाले की काम भागे. हौशी कारागिराला ही सोय नाही. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याला तोच एक यंत्रमानव दोन पायांवरून तीन पायांवर न्यावा लागतो आणि परतही आणावा लागतो. चित्रपटाने जे भासवले ते घरात बांधलेला आर-टू प्रत्यक्ष करतो, म्हणून त्याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या कामात क्रम फार महत्त्वाचा आहे. एक मोटार मधला पाय खाली सोडते, दुसरी खांद्यापाशी धड सुमारे १८ अंश मागे झुकवते. पाय बाहेर येण्याआधी धड झुकले, तर सगळे यंत्र पुढे कोसळेल. आणि संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा आर-टू शंभर किलोच्या आसपास जाऊ शकतो, हे ध्यानात घेतले की जवळ उभ्या असलेल्या माणसांची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. माझा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, म्हणून बराच हलका आहे. तरीही गुरुत्वमध्य खाली राहावा यासाठी बॅटऱ्या मी बाजूच्या पायांच्या पावलांतच बसवल्या आहेत. डोक्याच्या फिरत्या घुमटाकडे जाणाऱ्या तारांना पीळ बसू नये म्हणून लावलेली स्लिप रिंग (फिरतानाही वीज पोहोचवणारी जोडणी) या सगळ्यापुढे सोपी वाटली.

मोजमापांसाठी मी १९९९ पासून चालत आलेल्या आर-टू बांधणाऱ्यांच्या क्लबचा ऋणी आहे. याच परंपरेतल्या ली टॉवर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन ब्रिटिश हौशींचे काम २०१३ मध्ये जर्मनीतील एसेनच्या ‘स्टार वॉर्स’ मेळाव्यात निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी पाहिले, आणि ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१५ च्या चित्रपटासाठी आर-टू बांधण्याचे काम या दोघांकडे आले. हौसेने केलेले काम किती कसाचे असू शकते, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी स्वतःचा आवाज सिंथेसायझरमध्ये मिसळून घडवलेली आर-टूची बोली मला कितीही प्रिय असली, तरी स्पीकरचे काम मी मुद्दाम मागे ठेवले आहे. त्याआधी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तापकीर गल्लीतून चांगल्या प्रतीचे लिमिट स्विच आणायचे आहेत, म्हणजे पाय पूर्ण खाली टेकल्याचा संकेत मिळाल्याशिवाय खांद्याच्या मोटारीला वीजच पोहोचणार नाही.