मृगाआधी खोदलेली वाडी

आमच्या गावाला चारही बाजूंनी वावरं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन, तूर, नजर जाईल तिथवर काळी जमीन आणि तरी बाजाराच्या दिवशी अर्धं गाव पिशव्या घेऊन भाजी विकत आणायला जाते. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मला हे खटकते. म्हणून यंदा घरामागची पडीक जागा पूर्ण खोदून भाजीची वाडी मोठी करायची असं ठरवलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या वावरातच धुऱ्याला, म्हणजे बांधावर, लावा ना भेंडी, कशाला एवढा खटाटोप, पण वावरात कापसावर फवारे चालतात आणि वाऱ्यानं ते औषध उडून भाजीवर येते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते कोण विसरेल. लेकरं वाडीतली काकडी तोडून तिथंच उभ्यानं खातात, ती जागा फवाऱ्यापासून दूरच पाहिजे.

आता खोदायचं कधी, सगळं त्याच्यावरच आहे. आपली ही भारी काळी माती, पाणी पिऊन फुगते अन् वाळली की आकसते, म्हणून मे महिन्यात त्या भेगा पडतात, आमच्याकडे तर कोपरापर्यंत हात आत जाईल अशा. मला त्या भेगा आवडतात, कारण वरची भुसभुशीत माती त्यात पडत राहते आणि जमीन स्वतःच खालीवर होते. तर मी मे महिन्यातच खोदायला घेतलं, उजाडायच्या आत सुरू करायचं आणि ऊन चढलं की बंद, ४४-४५ डिग्रीत कुदळीचा दांडासुद्धा हातात धरवत नाही. कुदळ तर वरच्या वर टणकन उडायची म्हणून सब्बल म्हणजे पहार भेगेत घालून ढेकूळ उचकटायचं, हे सगळ्यात सोपं, भेग जिथं आहे तिथूनच सुरुवात करायची, ताकद अर्धी लागते. फूटभर खोल गेलं की पुरे. निघालेली ढेकळं तशीच उलटी टाकून ठेवायची. मी मोगरी घेऊन फोडायला निघाले तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवरून ओरडले, "फोडू नोको वं बाई, पानी आलं का थे आपोआप फुटते." आणि खरंच तसंच होते, कडकडीत वाळलेल्या ढेकळावर पाऊस पडला की ते फुगते, आतली हवा कोंडते आणि त्याची दाणेदार माती होते. हाच ढेकूळ ओला असताना उकरला तर वाळल्यावर विटेसारखा होऊन बसतो, मग वर्षभर त्याच्याशी भांडत बसा.

उन्हात उलटं टाकायचा दुसरा फायदा म्हणजे हराळी आणि मोथा ही तणं वाळतात. रोटाव्हेटर फिरवून द्या अर्ध्या तासात काम होते असं बरेच जण म्हणाले, पण हराळीचे तुकडे झाले की प्रत्येक पेरातून नवी हराळी फुटते, म्हणजे आपणच लावल्यासारखं. मोथ्याचं तर बघण्यासारखं आहे, वर इवलंसं गवत दिसते आणि खाली वीतभर खोल काळ्या गाठी, एका गाठीतून तारेसारखा धागा निघून दुसऱ्या गाठीला, तिथून तिसरीला, धागा हळूहळू सोडवत गेलं तरच पूर्ण माळ हातात येते आणि ओढलं की तुटून गाठ खालीच राहते. गाठ फोडून वास घ्या, छान सुगंध येतो, औषधात वापरतात ती, पण वाडीत नको. जेवढ्या दिसल्या तेवढ्या वेचून घमेल्यात घेतल्या, बाकीच्या उन्हानं वाळल्या. सगळा मोथा गेला असं मी म्हणणार नाही, तो एका वर्षात जात नसतो.

खताचं थोडक्यात सांगते. शेणखत जुनं, काळं, वास न येणारं, चुरलं की हातात भुगा होणारं पाहिजे. कच्चं शेण टाकू नका, पहिल्या पावसात हुमणीचे भुंगेरे बाहेर निघतात आणि पुढे त्यांच्या मुळं खाणाऱ्या अळ्यांना असं खत म्हणजे पंगतच, नंतर वांग्याचं रोप सकाळी चांगलं अन् संध्याकाळी माना टाकून. चुलीची राखही घमेल्यानं ओतू नका, आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, पोटॅशही तिच्यात भरपूर असते. आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगतात तशी वाळू तर अजिबात नको, भारी मातीत दोन-चार पाट्या वाळूनं काहीच फरक पडत नाही, खर्च तेवढा होतो. तिला मोकळं ठेवते ते शेणखत आणि पालापाचोळा.

मग पाऊस आला. आला म्हणून लगेच वाडीत शिरायचं नाही, वापसा होऊ द्यायचा, म्हणजे माती कामापुरती सुकू द्यायची. वीतभर खालची माती मुठीत घेऊन लाडू वळायचा आणि कमरेपासून खाली सोडायचा, फुटून मोकळा झाला तर काम करा, चपटा होऊन चिकटला तर घरात बसा, चपलेला माती लागून चप्पल किलोभर होत असेल तर लाडू वळायचीही गरज नाही. वापसा आल्यावर खत पसरून खुरप्यानं मिसळलं आणि तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे केले, मधात दीड फुटाची नाली. तीन फूटच, कारण दोन्ही बाजूंनी हात मधापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय ठेवावा लागत नाही. आपल्याकडे जुलैत झड लागली की सपाट वाफ्यात पाणी साचून मुळं सडतात, उंच वाफ्याचं पाणी नालीत उतरते. वरून मागच्या सालचं सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा अंथरलं, मातीत मिसळलं नाही, कच्चं कुटार आत गेलं की कुजताना मातीतला नत्र तेच खाऊन घेते आणि रोपं पिवळी पडतात.

कुंपण तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं केलं, शेळ्या शिरू नयेत म्हणून खाली बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या खोचल्या. पऱ्हाट्या मात्र वापरल्या नाहीत, त्यांच्या वाळक्या बोंडात गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि ती कपाशीबरोबर भेंडीवरही जाते, मग घरीच तिला कशाला ठेवायचं.

कुंपणाला दोडके आणि कारले चढवले, दोन वाफे भेंडी, एक वांगे, एक गवार. उरलेल्या वाफ्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) मला दसऱ्यानंतर पेरायचं आहे, पण तोवर तो उघडा ठेवला तर मोथा पुन्हा येईल, म्हणून त्यात बरबटी म्हणजे चवळी पेरली. शेंगा खाऊन झाल्या की वेल कापून तिथंच अंथरणार, मुळं आतच राहू देणार, त्या मुळांच्या गाठींतला नत्र पालकाला मिळेल.