वरंध घाटातला आमचा चहा

भोरकडून महाडला उतरताना कावळ्या किल्ल्याची खिंड आणि वाघजाईचं देऊळ लागतं. तिथल्या टपऱ्यांपैकी एक आमची. वडिलांनी चार बांबू आणि ताडपत्रीवर सुरू केली, मी पत्रा घातला. मधली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते २०२१ चं.

२२ जुलैला खाली महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हे. पण घाटरस्ता खचला, वाहतूक बंद झाली आणि आमची चूल थंडावली. पावसाळा हाच आमचा हंगाम. चहा पावडर डब्यात सादळून गेली, साखरेचे खडे झाले, दूधवाल्याचे पैसे थकले.

त्या दिवसांत भोर आगारातले एक एसटीचे ड्रायव्हरकाका रस्ता जिथवर चालू होता तिथवर दुचाकीवर यायचे. मी थर्मास घेऊन खाली जायचो. कठड्याला टेकून बशीत चहा ओतायचे, धुकं बघत सावकाश प्यायचे आणि वर पैसे द्यायचे. "पुढच्या चहाचे आगाऊ धर," म्हणायचे. त्या पैशांतून मी दूधवाल्याचं देणं फेडलं. वहीत त्यांच्या नावापुढे आजही जमाच आहे.

आणि त्याच काळात खाली फाट्यावर एकाने काचेचं हॉटेल थाटलं. पाटीवर लिहिलं 'घाटातला चहा'. तिथून ना घाट दिसतो, ना दरी. तेही चाललं असतं. पण छोट्या गाड्यांना वाट मोकळी झाल्यावरसुद्धा हा माणूस पर्यटकांना सांगायचा, "वरचा रस्ता बंद आहे, इथेच प्या." एका गिऱ्हाइकाने वर येऊन हे मला सांगितलं, तेव्हा हातातलं गाळणं तसंच राहिलं. आजवर त्याने एका शब्दाने माफी मागितलेली नाही. मी विसरलेलो नाही.

आमचा चहा पितळी पातेल्यातच होतो. बुडाला कल्हई हवी, नाहीतर चव बिघडते. वारा भन्नाट, म्हणून स्टोव्हला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा. आलं किसायचं नाही, खलबत्त्यात ठेचायचं. गवती चहाची पात हाताने मुरगळून उकळत्या पाण्यात टाकायची, मग पावडर, दूध शेवटी आणि तेही गरम. घरी करताना फ्रिजमधलं थंड दूध ओतता ना, तिथेच उकळी बसते. थोडं थांबत जा.

येणाऱ्यांना एवढंच सांगतो, गाडीत बसून चहा मागू नका. उतरा, काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरा. माकडांना बिस्किटं टाकू नका, ती मग गाड्यांच्या मागे धावतात आणि चाकाखाली येतात.

यंदा पावसाआधी दरीकडचा पत्रा मागे घेतलाय, आता बाकड्यावरून शिवथरचं खोरं दिसतं. ढग खाली उतरले असतील तर उठू नका, दुसरा चहा सांगा. वारा फिरला की दरी उघडते.