देवगिरीचा किल्ला पडला कसा?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबाद, पाहून आलेले बहुतेक जण मला हेच विचारतात की, असा बेलाग किल्ला शत्रूच्या हाती गेलाच कसा?

प्रश्न रास्त आहे. यादवांच्या या राजधानीचा सुमारे २०० मीटर उंचीचा डोंगर भोवताली जवळजवळ ५० मीटर उभा तासलेला असून त्याच्या पायथ्याशी कातळातच खंदक खोदलेला आहे. खंदक ओलांडला की वाट थेट डोंगराच्या पोटात शिरते. हीच ती अंधारी. पायऱ्या वेड्यावाकड्या, वळणे अशी की दिवट्यांशिवाय पुढचा माणूसही दिसू नये, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, ज्यावर निखारे पेटवून आतल्या शत्रूला धुराने गुदमरवता येई. त्या आगीला वारा मिळावा म्हणून शेजारी खडकात भोकही पाडलेले आहे. इतका थंड डोक्याने केलेला विचार मला दुसऱ्या कोणत्याही किल्ल्यात आढळलेला नाही.

परंतु कडा कितीही उंच तासला, तरी धान्य खालूनच आणावे लागते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरायाचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर दूर होते. मागून दिल्लीची मोठी फौज येत असल्याची हूल अलाउद्दीनाने उठवली. राजा गडावर गेला, राजपुत्र परतून लढला आणि हरला. घाईने वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फारसी तवारिखेत आहे. ही कथा शब्दशः खरी मानावी की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण भरल्या कोठाराचा राजा अपार सोने आणि अचलपूरचा महसूल देऊन तह करील, हे मला पटत नाही.

१६३३ मध्ये निजामशाहीच्या अखेरीस हेच पुन्हा घडले. शाहजहानच्या महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचा अंबरकोट फोडला, नंतर महाकोट घेतला. शहाजीराजे आणि विजापूरचा रणदुल्लाखान आत रसद पोहोचवण्याची शिकस्त करत होते, पण ती पुरी पडली नाही. उपासमारीने टेकीस आलेल्या फतेहखानाने, म्हणजे किल्ला लढवणाऱ्या निजामशाही वजिराने, जूनमध्ये सर्वांत आतला कालाकोट वाटाघाटी करून मोगलांच्या स्वाधीन केला. अंधारीत लढण्याची वेळच आली नाही.